पत्रा कुठं सापडला?

प्राचीन घोड्यांचा साज म्हटला की पुस्तकांत हमखास इराणच्या लुरिस्तानचे कांस्याचे लगाम दिसतात. देखणेच आहेत ते. पण १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यातले बरेचसे चोरट्या खोदकामातून थेट बाजारात गेले. कोणत्या कबरीत, कशाजवळ होते, हे पुसलंच गेलं.

आता विदर्भात या. आमच्या वलगावपासून दीडेकशे किलोमीटरवर नागपूर, अन् त्याला लागून माहुरझरी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शां. भा. देव यांनी इथली लोहयुगातली शिळावर्तुळं खणली. माणसांसोबत पुरलेले घोडे निघाले. त्यांच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पातळ पत्र्याचे अलंकार निघाले, लोखंडी लगामही निघाले. घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या, म्हणून अभ्यासक बळीची शक्यता मांडतात.

बघा, सुटा मिळाला असता तर तो नुसता पत्रा. घोड्याच्या हाडांसोबत मिळाला म्हणून साज, आणि कापल्याच्या खुणांमुळे अंत्यविधीचा पुरावा.

आणखी एक. हिरवा गंज दिसला की 'कांस्य' लिहून मोकळं होऊ नका. गंज तांब्यावरही हिरवाच येतो. कथिल किती, हे रासायनिक विश्लेषणच सांगतं. तेही गंजलेल्या पृष्ठभागावर क्ष-किरणांचं यंत्र टेकवलं तर आकडा फसवू शकतो.

म्हणून नोंदवहीत धातूच्या आधी जागा लिहा: कोणता थर, शेजारी काय. विश्लेषण पुढच्या वर्षीही करता येतं. उचललेली वस्तू परत जागेवर ठेवता येत नाही.