कलंदर आणि शिक्षक : रामकिंकर बैज यांच्या अध्यापनाविषयी

बंगाली वाचकांच्या मनात रामकिंकर बैज (१९०६–१९८०) यांची जी प्रतिमा रुजली आहे, ती प्रामुख्याने एका कलंदराची आहे. समरेश बसू यांची ‘देखि नाइ फिरे’ ही चरित्रात्मक कादंबरी ‘देश’मधून क्रमशः प्रसिद्ध होत होती, १९८८ मध्ये लेखकाच्या निधनामुळे ती अपुरी राहिली. ऋत्विक घटक यांनी १९७५ मध्ये चित्रित केलेला माहितीपटही अपुराच राहिला. या दोन्ही कृतींनी त्या प्रतिमेला बळ दिले. तीत एक साधी वस्तुस्थिती झाकली जाते : हा कलंदर कित्येक दशके शांतिनिकेतनच्या कलाभवनात विद्यार्थ्यांना शिकवत होता. चरित्रकाराला वादळे हवी असतात, वर्गाची हजेरी नको असते. त्यामुळे या उपेक्षेचे नवल वाटू नये.

रामानंद चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये रामकिंकर बांकुड्याहून आले, तेव्हा कलाभवनात शिल्पकलेच्या शिक्षणाची घडी बसलेली नव्हती. सरकारी कलाशाळांत पाश्चात्त्य अभिजात पुतळ्यांच्या प्लास्टर-प्रतिकृतींवरून विद्यार्थ्याचा हात तयार करून घेण्याची रीत रूढ होती. नंदलाल बोस यांच्या कलाभवनाने ती स्वीकारली नाही. मग शिल्प शिकवायचे कशाच्या आधारे, हा प्रश्न उरतोच. बूर्देल यांच्या शिष्या मार्गारेट मिलवर्ड यांच्यासारख्या पाहुण्या शिल्पकारांचे मार्गदर्शन काही काळ लाभले. परंतु खरे उत्तर रामकिंकरांच्या स्वतःच्या कामातून, उघड्या माळावर आकाराला आले.

‘संथाळ कुटुंब’ (१९३८) या शिल्पात खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडीच्या एका बाजूच्या टोपलीत मूल, शेजारी स्त्री आणि सोबत कुत्रा अशी स्थलांतराला निघालेली माणसे आहेत. ब्राँझचा खर्च झेपणारा नव्हता. लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि त्या परिसरातील जांभ्या दगडाची खडी यांचे मिश्रण थापायचे, ते पुरते घट्ट होण्यापूर्वी आकार काढायचा, अशी ही पद्धत होती. माती कितीही वेळा मोडून पुन्हा घडवता येते. सिमेंट तशी सवलत देत नाही. शिक्षकाचा निर्णय, त्याची घाई, क्वचित त्याची चूकही येता-जाता विद्यार्थ्यांना दिसत असे. बंद स्टुडिओत पूर्ण झालेली कृती दाखवून हे शिकवता आले नसते.

शिकणे-शिकवणे येथे एकाच दिशेने चालत नव्हते. ‘सुजाता’ (१९३५) ही उंच, सडपातळ आकृती जया अप्पासामी या विद्यार्थिनीवरून सुचली, असे मानले जाते. आकृतीच्या डोक्यावरील पात्र मागाहून, नंदलालांच्या सूचनेवरून आले आणि त्या पात्रामुळेच ती बुद्धाला पायस देणारी सुजाता ठरली. पुढे जया अप्पासामी कलासमीक्षक झाल्या व त्यांनी रामकिंकरांवर लेखनही केले.

१९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. विद्यापीठीय चौकटीत परीक्षा आणि पदे यांची नोंद राहते. अर्धवट घट्ट झालेल्या सिमेंटपुढे उभे राहून शिकलेल्या गोष्टीची राहत नाही. अभ्यासकाला तिचा माग शिष्यांच्या कामात काढावा लागतो, आणि तेथे एक अडचण येते : शिष्य गुरूसारखे दिसत नाहीत. शंखो चौधुरी यांचे गुळगुळीत, संक्षिप्त आकार रामकिंकरांच्या खडबडीत पृष्ठभागांपासून फार दूर आहेत. संगीतातील घराण्याची उपमा म्हणूनच येथे निरुपयोगी आहे. गायकी ओळखू येते. येथे काम करण्याची मुभा तेवढी हस्तांतरित झाली.

शंखो चौधुरींनी ती बडोद्याला नेली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये त्याच शहरात ‘कलाभवन’ याच नावाची तंत्रशिक्षणाची संस्था निघाली होती, ही मराठी वाचकाला परिचित गोष्ट. मात्र १९५० च्या ललितकला विद्याशाखेचा पिंड वेगळा होता. तेथे चित्रकला विभागात ना. श्री. बेंद्रे आणि शिल्पकला विभागात चौधुरी असे दोन्हीही काम करणारे कलावंतच शिक्षक होते. विद्यार्थिदशेत रामकिंकरांना जवळून पाहिलेले के. जी. सुब्रमण्यन हेही बडोद्यातच दीर्घकाळ शिकवत राहिले. १९८० मध्ये, रामकिंकरांच्या निधनाच्याच वर्षी, ते अध्यापनासाठी कलाभवनात परतले.