पोटनियमांचा विधि

राज्याच्या मोठ्या कायद्यांशीं सामान्य गृहस्थाचा संबंध क्वचितच येतो. परंतु म्युनिसिपालिटीचा पोटनियम उंबरठ्याबाहेर पाऊल टाकतांच प्रत्येकास भेटतो. नियम करणारी संस्था लहान, पण मोडणारास होणारा दंड खराखुरा. म्हणून तो कोणत्या रीतीनें रचला जावा, हा प्रश्न दिसतो तितका रुक्ष नाहीं. इंग्लंडचा इतिहास याविषयीं मोठा उद्बोधक आहे.

तेथें १८३५ सालीं नगरकारभाराची पुनर्घटना झाली. तेव्हांच्या अटी १८८२ च्या कायद्यानेंही कायम ठेविल्या. एकूण सभासदांपैकीं निदान दोनतृतीयांश हजर असल्यावांचून पोटनियम करतां येत नसे. त्याची नक्कल नगरभवनावर लावून चाळीस दिवस लोटल्याखेरीज तो अमलांत येत नसे. दुसरी नक्कल शिक्क्यानिशीं सरकारकडे धाडावी लागे, व तितक्याच मुदतींत राणीस प्रिव्ही कौन्सिलच्या सल्ल्यानें तो रद्द करतां येई. हजेरी, प्रसिद्धि, मुदत व वरिष्ठांची नजर असे हे चार पहारे होते.

तथापि पहारे ओलांडून आलेला प्रत्येक नियम न्याय्यच असतो, असें नाहीं. क्रॉयडन येथील एका नियमान्वयें, हुकमाखालील सैनिकांवांचून इतर कोणीही रविवारीं रस्त्यांत वाद्य वाजवूं नये असें ठरलें होतें. कोणास उपद्रव होवो वा न होवो, वाजविणें हाच गुन्हा! १८८६ सालीं न्यायालयानें तो नियम अवाजवी ठरविला.

पुढें १८९८ सालीं ‘क्रूझ विरुद्ध जॉन्सन’ हा प्रसिद्ध खटला झाला. केंट परगण्याचा नियम असा कीं, घरापासून पन्नास यार्डांच्या आंत, शिपायानें किंवा घरच्या माणसानें मनाई केल्यावर कोणी गाऊं-वाजवूं नये. रस्त्यांत भजन म्हणणाऱ्या क्रूझला शिक्षा झाली. सात न्यायाधीशांपुढें प्रकरण आलें, व एकाचा मतभेद होऊनही नियम टिकला. सरन्यायाधीश लॉर्ड रसेल यांचें म्हणणें असें कीं, लोकनियुक्त संस्थेच्या नियमांकडे उदार दृष्टीनें पाहावें. परंतु पक्षपात, उघड अन्याय, दुष्ट हेतु किंवा निष्कारण जुलूम दिसल्यास तो नियम रद्द समजावा. १९०१ सालीं आणखी एक कसोटी पुढें आली. ‘वाटसरूंस बुद्ध्या त्रास देऊं नये’ एवढेंच सांगणारा नियम संदिग्ध म्हणून बाद झाला. कारण काय केल्यानें गुन्हा घडतो, हें नागरिकास आधीं कळलें पाहिजे.

आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टानें, जेथें पूर्वप्रसिद्धीची अट आहे तेथें मसुदा प्रसिद्ध करणें, विचाराची तारीख जाहीर करणें व आलेल्या हरकती ध्यानांत घेणें आवश्यक केलें. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याप्रमाणेंही पोटनियमास सरकारची मंजुरी लागते.

रसेलसाहेबांच्या औदार्याचा आधार ‘लोकनियुक्त’ ह्या एका शब्दांत आहे, हें मात्र विसरतां कामा नये. मुंबई कॉर्पोरेशनची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि त्यापुढें तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. अशा काळांत सभासदांच्या हजेरीचा पहारा नाहींसा होतो, आणि औदार्याचें कारणही उरत नाहीं. मग नागरिकाच्या हातीं उरतो तो मसुदा वाचून मुदतींत हरकत नोंदविण्याचा हक्क. तो बजावला नाहीं, तर सर्व विधि यथासांग होऊनही नियम परकाच राहील.