रबराचा चौकोन

परवा दाढेचं रूट कॅनाल झालं. डेंटिस्ट माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने पातळ रबराच्या चौकोनाला भोक पाडलं, त्यातून दाढ वर काढली आणि क्लॅम्प बसवला. "सर, आता थुंकी दाढेपर्यंत येणार नाही." काम संपलं, चौकोन कचऱ्यात गेला. घरी येऊन मी त्याचा इतिहास शोधत बसलो. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

१८६४ साली अमेरिकेतल्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने ही युक्ती काढली. तेव्हा किडलेल्या दातात सोन्याचा वर्ख ठोकून भरत. वर्ख ओला झाला की थर एकमेकांना धरत नसत, सगळी मेहनत वाया. बार्नमने पेटंट न घेता युक्ती सगळ्यांना देऊन टाकली.

गंमत म्हणजे त्याच वर्षी तिथे रबरी कवळीचं पेटंट निघालं. ते हाती असलेल्या कंपनीने दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे घेतले, न देणाऱ्यांवर खटले भरले. शेवटी १८७९ साली कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांना सॅम्युअल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने सॅन फ्रान्सिस्कोत गोळी घातली. बेकन गेले.

पुढे कवळ्या अ‍ॅक्रिलिकच्या झाल्या. बार्नमचा चौकोन मात्र परवा माझ्या तोंडात होता.

नोकरीत असताना माझ्या टिपणांच्या वह्या मी कुणा सहकाऱ्याला दिल्या नाहीत. माळ्यावर त्या वाळवीने खाल्ल्या. असो. उरलेल्या दोन आहेत. कुणाला हव्या असतील तर कळवा.