लॅपटॉप कोणता घ्यावा? बिलोलीतल्या एका प्रश्नामागची पन्नास वर्षे

१/ बिलोली. नांदेड जिल्ह्याचा, तेलंगणाला लागून असलेला तालुका. बारावीनंतर येथून नांदेडला वा पुण्याला शिकावयास निघालेल्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो : लॅपटॉप कोणता घ्यावा? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

२/ १९७२. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ॲलन के यांनी ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली : वहीसारखा, मुलांनी सोबत बाळगावा असा संगणक. ते यंत्र तेव्हा घडले नाही. पण विद्यार्थ्याच्या संगणकाची कसोटी ठरली. तो हलका हवा, परवडणारा हवा आणि शिकणाऱ्याचा स्वतःचा हवा.

३/ प्रत्यक्षात १९८१ साली आलेला ‘ऑसबोर्न १’ सुमारे ११ किलोंचा होता. पडदा अवघा ५ इंचांचा आणि किंमत १,७९५ डॉलर. पुढच्याच वर्षी ‘ग्रिड कंपास’ने वहीसारखी मिटणारी घडी आणली, परंतु तो होता ८,००० डॉलरांच्या वर. विद्यार्थी अजून दूरच होता.

४/ मराठवाड्यापुढे याहून जुना एक प्रश्न होता : ज्ञानाचे साधन कोणत्या भाषेत बोलणार? निजामाच्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातल्या मुलाला उच्च शिक्षणाच्या दारातच भाषा बदलावी लागे. संगणक आला, तोही इंग्रजी कळफलक घेऊनच.

५/ ही कोंडी फोडण्याचे काम भारतातच झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला खास मराठी ‘ऱ’ त्यात स्वतंत्र जागा मिळवून बसला.

६/ तरीही छापखान्यांत आणि कार्यालयांत जुने फॉन्ट वर्षानुवर्षे टिकले. एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी घरच्या संगणकावर येऊ लागली आणि ही अडचण हळूहळू ओसरली.

७/ २००७. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतील शाळेत ‘एक्सओ’ लॅपटॉप पोहोचले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग. उन्हात वाचता येणारा पडदा आणि अत्यल्प वीजवापर हे त्याचे गुण. १०० डॉलरांचे उद्दिष्ट मात्र हुकले. उत्पादन सुरू होताना किंमत १८० डॉलरांच्या पुढे गेली होती.

८/ १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये दूरच्या औरंगाबादच्या विद्यापीठाशी जोडलेली होती. विद्यापीठ जवळ आले, यंत्रही हाताशी आले. लिपीचा प्रश्न तर जवळजवळ सुटला : आज मराठी कळफलकासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

९/ उरतात ती जुनीच परिमाणे. वजन किती? वीज गेल्यावर किती तास चालतो? बिघडला तर जवळपास दुरुस्त होतो का? घराच्या ऐपतीत बसतो का? जाहिरातीतले आकडे दरवर्षी बदलतात. हे प्रश्न १९७२ पासून बदललेले नाहीत. दुकानात शिरताना तेच आधी विचारावेत.