अकरावी-बारावीचे समाजशास्त्र : ‘सोपा विषय’ म्हणून घेणाऱ्यांसाठी थोडी माहिती

दहावीचा निकाल लागला की कोल्हापूर आणि आसपासच्या वस्त्यांमधून आमच्याकडे पालक आणि मुले येतात. कला शाखा ठरलेली असते, विषय ठरायचे असतात. समाजशास्त्राबद्दल बहुतेकांनी एकच ऐकलेले असते : घे, सोपा आहे, गाईडवर निघतो. आम्ही स्वतः हाच विषय एम.ए.पर्यंत शिकलो आणि आज त्यावरच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

राज्य मंडळाचा सध्याचा अभ्यासक्रम अकरावीला २०१९ पासून आणि बारावीला २०२० पासून लागू आहे. अकरावीत समाजशास्त्राची ओळख, पाश्चात्य व भारतीय समाजशास्त्रज्ञ, मूलभूत संकल्पना, सामाजिक संस्था, संस्कृती, सामाजीकरण, सामाजिक स्तरीकरण आणि सामाजिक परिवर्तन येते. बारावीचे पुस्तक पूर्णपणे भारतीय समाजावर आहे : आदिवासी, ग्रामीण व नागरी समाज, विविधता आणि एकता, परिवर्तनाच्या प्रक्रिया, सामाजिक चळवळी, सामाजिक समस्या. लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे.

आता ‘सोपा’ या शब्दाबद्दल. भाषा सोपी आहे, हे खरे. गणित नाही, प्रयोगशाळा नाही. पण स्तरीकरणाचा धडा पाहा. जातीची वैशिष्ट्ये क्रमांक घालून पाठ करायची आणि पेपरात उतरवायची, असे तो अनेक वर्गांत शिकवला जातो. ज्या मुलीच्या आजीला गावच्या पाणवठ्यावर लांब उभे राहावे लागले, तीही ‘अंतर्विवाह’ हे वैशिष्ट्य परक्या देशाच्या माहितीसारखे लिहिते आणि विसरते. गुण मिळतात. विषय मात्र हातातून निसटतो.

वास्तविक याच अंतर्विवाहावर बाबासाहेबांनी बोट ठेवले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जातीबाहेर लग्न न करणे हाच जातीचा गाभा आहे आणि तो टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा आल्या, अशी त्यांची मांडणी होती. वरच्यांनी स्वतःला बंद करून घेतले आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले, हेही त्यात आहे. खालच्या जाती वरच्यांचे आचार उचलतात हे सांगणारी एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची संकल्पना अनेक दशकांनी आली. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभागच १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि १९२४ पासून तो मालवणचे डॉ. घुर्ये यांनी वाढवला. म्हणजे बाबासाहेबांचा निबंध त्याही आधीचा. अकरावीच्या मुलाने पाठ्यपुस्तकाशेजारी हा छोटा निबंध ठेवून वाचावा, मराठीत उपलब्ध आहे.

अंतर्गत गुणांसाठीचा प्रकल्प तर बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवला जातो. कोल्हापुरात राहून तसे करणे म्हणजे विहिरीशेजारी तहानलेले बसणे. कोल्हापुरी चप्पलच घ्या. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ मध्ये प्राडाच्या मिलान येथील फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि वाद झाला. पण कातडे कोण कमावते, वेणी घरातली कोणती बाई घालते, दुकान कोणाचे, मुलाला हा धंदा का नको, हे दहा घरांत विचारून लिहिले तर जात, वर्ग, लिंगभाव आणि जागतिकीकरण चारही एकाच वहीत येतात. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या मुलांची शाळा, इचलकरंजीचे यंत्रमाग, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोणत्या गल्ल्या आधी बुडाल्या, असे कितीतरी विषय आहेत. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात १९२० ची परिषद झाली. तिथल्या वयस्कर मंडळींकडून परिषदेच्या ऐकीव आठवणी टिपून आणता येतील. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा पन्नास टक्क्यांचा जाहीरनामा आणि शहरातील बोर्डिंगे यांवर तर इथल्या मुलांनी लिहायलाच हवे.

पुढे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या बारावीच्या समाजशास्त्रावर नोकरी नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. बी.ए. नंतर शिवाजी विद्यापीठात एम.ए., मग नेट-सेट, किंवा एम.एस.डब्ल्यू., जे कोल्हापुरात सायबरमध्येही होते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. ज्या मुलीला विज्ञान हवे आहे आणि गुणही आहेत, तिला मात्र घरच्यांनी ‘आपल्याला कला बरी’ म्हणून इकडे वळवू नये. तसे करणारे पालक आम्हाला भेटतात आणि त्यांच्याशी आम्ही भांडतो.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरण्याआधी त्या महाविद्यालयात समाजशास्त्र आहे का आणि शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना अकरावीपासूनच महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. दोन्हींसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. निकालानंतर सेतू केंद्रात गर्दी उसळते, तेव्हा हे कागद मे महिन्यातच काढून ठेवा.