शंभराचे तीनशे

परवा भाच्याचा फोन. "मामा, ॲप म्हणतं शंभर राइट, शंभर रीड. सगळ्या नोडची बेरीज केली तर रीड शंभरच, राइट मात्र तीनशे! कोण खोटं बोलतंय?"

हसू आलं. मागे एका नोकरीत मी हाच आकडा पाहिला आणि कुणाला काही न विचारता साहेबांना ठणकावून सांगितलं, "आपल्याकडे वाचण्यापेक्षा लिहिणंच तिप्पट." मग दोन महिने आम्ही लिहिणं वेगवान करत बसलो. लोकांची तक्रार होती वाचायला लागणाऱ्या वेळाची! असो.

आई-ताईसाठी सांगतो. लग्नाची बातमी एकच, पण पत्रिका तिन्ही काकांकडे जायलाच हवी. पोस्टमनच्या हिशेबी तीन पत्रं. पुढे मुहूर्त विचारायचा तर एका काकांना फोन केला की झालं. खात्री हवी असेल तर दोघांना.

ही 'दोघांना विचारा'ची युक्ती बरीच जुनी आहे. १९७९ साली डेव्हिड गिफर्ड यांनी ती मतदानाच्या भाषेत मांडली: वाचताना लागणारी मतं आणि लिहिताना लागणारी मतं यांची बेरीज एकूण मतांहून जास्त ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला निदान एक ताजी प्रत भेटतेच. २००७ साली ॲमेझॉनच्या लोकांनी डायनॅमोवर निबंध लिहिला, त्यात नेहमीचं गणित होतं तीन प्रती, वाचायला दोन, लिहायला दोन.

त्या निबंधातला एक आकडा मला फार आवडतो. खरेदीच्या टोपलीवर चोवीस तास नजर ठेवली, तेव्हा ९९.९४ टक्के विनंत्यांना एकच आवृत्ती दिसली. उरलेल्या थोड्यांना दोन, तीन, क्वचित चार. आपण म्हणू, यंत्रं बंद पडली असतील. तर नाही! कारण होतं एकाच वेळी लिहिणाऱ्यांची वाढलेली संख्या, आणि हे लिहिणारे बहुतेक वेळा माणसं नव्हेत, स्वयंचलित प्रोग्राम. नुसता आकडा पाहून हे कुणाच्या ध्यानात आलं असतं?

डायनॅमोच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण पुढे फेसबुकात गेले. तिथे प्रशांत मलिक यांच्यासोबत त्यांनी कॅसांड्रा बांधली, आणि २००८ साली ती सर्वांसाठी खुली झाली. भाच्याकडे हीच आहे. हिच्यात राइट सगळ्या प्रतींकडे जातो. आपण ठरवतो ते फक्त किती पोचपावत्यांसाठी थांबायचं. रीड मात्र लागतील तेवढ्याच प्रतींकडे. दोघांना विचारलं तर एक पूर्ण माहिती देतो, दुसरा नुसता गोषवारा, पण मोजणीत दोन्ही रीडच. त्यात जुन्या आवृत्त्यांत अधूनमधून उरलेल्या प्रतीही मागच्या मागे तपासल्या जायच्या, त्याने रीड आणखी फुगायचे (४.० मध्ये, २०२१ साली, ते काढून टाकलं).

म्हणजे नोडचा आकडा नोडचे कष्ट सांगतो. लोकांनी काय केलं ते हवं असेल तर विनंती प्रथम ज्याच्या हाती पडते त्या को-ऑर्डिनेटरचे आकडे बघायचे. मी तेव्हा ते उघडूनही पाहिले नव्हते.

भाच्याला म्हटलं, "प्रती किती आहेत ते बघ, आणि मोजणी कधीपासूनची तेही."

रात्री मेसेज आला: "प्रती तीन. आणि मामा, एक नोड काल रीस्टार्ट केला होता, त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. ॲपचे आकडे कालनंतरचेच घेतले म्हणून बेरीज जुळली, नाहीतर तीनशेसुद्धा आले नसते!"