भाजे येथील स्मारकस्तूप

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील भाजे लेण्यांमध्ये दिवंगत बौद्ध भिक्षूंच्या स्मरणार्थ कोरलेल्या 14 दगडी स्तूपांचा समूह. या लेण्यांचा आरंभ सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या शतकात मानतात. देहूरोडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील मळवली हे जवळचे स्थानक.

स्तूप : 5 स्तूप कातळाच्या छताखाली, तर 9 बाहेर आहेत. काहींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची नावे आहेत. अंपिनिक, धम्मगिरी आणि संघदिन ही त्यांपैकी होत. या नावांमुळे स्तूपांचा स्मारक म्हणून हेतू निश्चित होतो. महाराष्ट्रातील इतक्या प्राचीन व्यक्तींची नावे त्यांच्याच स्मारकांवर वाचता येणे ही मोलाची गोष्ट आहे.

चैत्यगृह व पुनर्रचना : शेजारच्या चैत्यगृहाचे (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे) अष्टकोनी खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलण्यासाठी अशी रचना लागे. कातळात तिची गरज नसतानाही शिल्पींनी ती जपली. छताच्या लाकडी फासळ्यांपैकी काही आजही टिकून असून लाकडावर दोन प्राचीन लेख आढळले आहेत. दर्शनी भागाची लाकडी चौकट मात्र नष्ट झाली आहे. तिचे मूळ रूप अभ्यासक कातळातील खाचांवरून आणि बाजूंना कोरलेल्या सज्जे, वेदिकापट्ट्या व गवाक्षांवरून ठरवतात. म्हणून येथील प्रत्येक खाच हा पुरावा आहे. ती बुजवली तर तो कायमचा जाईल.

तुलना : तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्राचीन लिसियातही लाकडी घरांच्या तुळया व वाशांची टोके थडग्यांच्या दगडात कोरली गेली. तेथील टोकदार कमानींचे चैत्यकमानींशी असलेले साम्य कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी नोंदवले. पुनर्रचनेच्या बाबतीत मात्र फरक आहे. लिसियातील झँथॉस येथील नेरेइड स्मारकाचे (इ. स. पू. सु. 390–380) कोसळलेले भाग ब्रिटिश प्रवासी चार्ल्स फेलोज यांनी 1840 च्या दशकात लंडनला नेले; ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचा दर्शनी भाग पुन्हा उभारला आहे. तेथे सुटे दगड जुळवावे लागले. भाज्यात कातळ जागेवरच आहे आणि हरवलेल्या लाकडाचा शोध घ्यावा लागतो.

देहूरोडजवळच्या घोरावडेश्वर (शेलारवाडी) लेण्यांतही चैत्यगृह आहे; पुढे त्याचे शिवमंदिर झाले. मावळातील ही लेणी एकत्र अभ्यासली तरच नाहीशा झालेल्या लाकडी वास्तुकलेचे पूर्ण चित्र हाती येते.